सातव्या दगडावरचा स्टाफ

सोमवार, ४ डिसेंबर १९७२. सोनखडी.

आजचं, क्रमाने:

१. नगरहून सकाळची पाथर्डी गाडी मिळाली. थिओडोलाइटची, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीची, पेटी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरचं म्हणणं, एवढ्या जड पेटीचं अर्धं तिकीट पडेल. काढलं नाही.

२. तिसगावला उतरले. आमच्या ऑफिसचा खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, छगन तिपाई आणि आकड्यांची उंच पट्टी, म्हणजे स्टाफ, घेऊन आधीच येऊन थांबला होता. स्टाफला टेकून झोपला होता, असं लिहिणं जास्त अचूक.

३. तिथून सोनखडीपर्यंत बैलगाडी. धुरळा पुष्कळ, हवा छान गार.

४. सरपंच मच्छिंद्र पाटील स्वागताला वेशीत उभे. त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिलं आणि विचारलं, साहेब मागून येतायत का. म्हटलं, साहेब मीच.

५. मुक्काम साळूबाईंच्या पडवीत. साळूबाई एकट्या राहतात. मुलगा आणि सून दुष्काळी कामावर, खडी फोडायच्या केंद्रावर असतात. जेवायला मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी आणि ठेचा. त्या म्हणाल्या, "ही भाकर उन्हाळ्यापातूर पुरली तरी लई झालं."

६. यंत्र तपासलं. सगळं ठीक.

७. मन प्रसन्न आहे.

काम असं. मुंबईची एक मदत-संस्था या गावाला पाझर तलाव बांधून देणार आहे. तलाव झाला तर गावातल्या माणसांना दुष्काळात गावातच काम मिळेल. पण शेजारचं करंजवण जमीन द्यायला तयार नाही, म्हणून संस्थेची अट आहे की बुडणारी सगळी जमीन सोनखडीच्या शिवेआत असली पाहिजे. शीव नक्की कुठून जाते ते मोजायचं, जमिनीचे चढउतार घ्यायचे आणि नकाशा ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा. नकाशा वेळेत आणि बरोबर गेला तर शामकांत साहेब मला फील्डवर कायम करणार आहेत. नाहीतर पुन्हा ऑफिसात बसून दुसऱ्यांनी मोजलेलं शाईने गिरवायचं. ते मी तीन वर्षं केलं. पुरे झालं.

मंगळवार, ५ डिसेंबर

पहिल्या दगडापासून सुरुवात. शिवेचे दगड गावाभोवती सगळीकडे आहेत, काही शेंदूर लावलेले, काही नुसतेच. यंत्र एका दगडावर लावायचं, पुढच्या दगडावर छगन स्टाफ धरून उभा राहतो, दुर्बिणीतून स्टाफवरचे आकडे वाचून अंतर काढायचं. मग यंत्र पुढे न्यायचं. असं करत गावाला पूर्ण वळसा घालून पुन्हा पहिल्या दगडावर यायचं. निघालो तिथेच कागदावरही पोचलो, तर फेरी जुळली.

यंत्र लावते तोच साळूबाई चार बायका घेऊन आल्या. त्यांनी दगडाच्या बुडातली मूठभर माती काढली आणि माझ्या पदरात घातली. शीव चालणाऱ्याने पहिल्या दगडाची माती बरोबर न्यायची आणि फेरी संपली की तिथेच परत टाकायची, अशी इथली रीत आहे. छगन म्हणाला, "बाईसाहेब, ओटी भरली. आता नारळ कधी?" मी त्याला स्टाफ घेऊन पुढे पाठवलं.

माती काळी आणि ओलसर होती. या वर्षी इथल्या विहिरींत दगड दिसतात. ओल कुठली ते कळलं नाही. पदरात गाठ मारून काम करता येईना, म्हणून पुरचुंडी यंत्राच्या पेटीत ठेवली.

बाभळीखाली एक म्हातारे बसले होते, भिमाजी. शीव चालायचं काम पिढ्यानपिढ्या त्यांच्या घराकडे होतं. बौद्ध दीक्षा घेतली त्या साली त्यांनी गावकीची सगळी कामं सोडली, त्यातच हेही. गावाला त्यांनी सांगितलं, तुमची शीव, तुमी चाला. हे सांगताना ते साळूबाईंकडे बघत होते. साळूबाई दुसरीकडे. बायका गेल्यावर भिमाजींनी मला सांगितलं की माती घ्यायलाच नको होती. आणि घेतलीच आहे तर इथेच परत आणायची. वाटेत सांडली तर सांडणाऱ्याला तिथे उभं राहावं लागतं, दुसरा कोणी येऊन सांडेपर्यंत.

मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना हो म्हणण्यात वेळ वाचतो.

बुधवार, ६ डिसेंबर

काम चांगलं झालं. दुपारी सावलीत थांबलो तेव्हा गावातल्या बायामाणसांना दुर्बिणीतून बघायचं होतं. बघू दिलं. या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, पाय वर, डोकं खाली. सर्व्हेच्या दुर्बिणी अशाच असतात. चित्र सुलट करायला आणखी भिंगं घालावी लागतात आणि उजेड कमी होतो. मी हे समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. साळूबाईंनी डोळा लावला आणि त्या ओरडल्या, "अगं बया! मच्छिंद्राला कुनी टांगला?" लांब उभे असलेले सरपंच टोपी सावरून विचारायला लागले, काय झालं, काय झालं. झुंबरबाई नावाच्या एक आजी म्हणाल्या की निवडणुकीआधी हे यंत्र यायला हवं होतं.

हसले. लिहून ठेवते, कारण मी फार हसत नाही.

गुरुवार, ७ डिसेंबर

सहाव्या दगडावर यंत्र. सातवा दगड ओघळीपलीकडे, हिवराच्या झाडाखाली. मी दुर्बीण फिरवली तर स्टाफ आधीच उभा, पण हलत होता. नुसता डुलत नव्हता. कोणी मुद्दाम हलवतंय असा, डावीकडे उजवीकडे. मी ओरडले, हलवू नकोस. हलतच राहिला. शिवाय त्यावरचे आकडे दुर्बिणीत सुलट दिसत होते. छगनच्या स्टाफवरचे आकडे मी नेहमी उलटे वाचते, त्याची सवय आहे. सुलट दिसले याचा अर्थ त्याने स्टाफच डोक्यावर उभा केला होता. माणूस झाडाआड होता. शेवटी अंदाजाने आकडा घेतला. अंदाजाने आकडा घेणं मला आवडत नाही.

यंत्र सातव्या दगडावर आणल्यावर छगनला बोलले. तो शपथेवर सांगतो की स्टाफ सरळच होता आणि तो इथे पोचेपर्यंत मी ओरडून गप्प झाले होते. माणसं चूक कबूल का करत नाहीत कळत नाही.

पेटी उघडली तर पुरचुंडी सुटलेली, मातीचे कण यंत्राच्या चकतीपर्यंत गेलेले. त्या चकतीवर कोनाचे अंश कोरलेले असतात; एक चरा पडला तर यंत्र गेलं. ब्रशने सगळं साफ केलं आणि राहिलेली माती हिवराखाली झटकून टाकली. पहिल्या दगडापाशी टाकायला इथलीच दुसरी घेईन. मातीला काय कळतं.

शनिवार, ९ डिसेंबर

फेरी जुळली नाही. पहिल्या दगडावरून निघाले आणि कागदावर पहिल्या दगडापासून चाळीस फूट करंजवणच्या बाजूला पोचले. थोडी चूक नेहमीच येते. हवा, ऊन, हाताचं थरथरणं. एवढी येत नाही.

रात्री सगळे हिशोब पुन्हा केले. हिशोब बरोबर. म्हणजे चूक जमिनीवरची. सातवा दगड, तो अंदाजाचा आकडा.

सोमवार, ११ डिसेंबर

काल छगनला नगरला पाठवलं होतं, आज तो शामकांत साहेबांचं पत्र घेऊन आला. फेरी जुळली नाही हे कळवल्यावर त्यांनी चूक कशी शोधायची हे सांगावं, अशी अपेक्षा होती. त्यांनी लिहिलंय, "गिऱ्हाइकाला काय हवं ते पाहा. त्यांना तलाव सोनखडीत हवा आहे. तुमची चूक करंजवणात जाते, ती थोडी इकडे वळवा."

सोबत संस्थेच्या नव्या मागण्या. आधी फक्त बुडणारी जमीन हवी होती. आता ती मालकांप्रमाणे हवी. रंगीत हवी. आणि करंजवणात पाण्याचा थेंबही दिसायला नको. ही सगळी माणसं मुंबईत टेबलाशी बसून शीव सरकवतात आणि मला सांगतात की मुदत तीच.

वळवणार नाही. पुन्हा मोजणार.

बुधवार, १३ डिसेंबर

दुसरी फेरी. सहाव्या दगडावरून सातव्याकडे पाहिलं. स्टाफ उभा होता, या वेळी अगदी स्थिर. इतका स्थिर धरलेला स्टाफ मी आजवर पाहिलेला नाही. आकडे सुलट. आणि झाडाच्या अलीकडे माणूसही दिसत होता. तोही सुलट. दुर्बिणीत त्याचे पाय खाली होते, डोकं वर. मागचं हिवराचं झाड मात्र नेहमीसारखं उलटं. अंगात तपकिरी स्वेटर, खांद्यावर हिरव्या लोकरीचं ठिगळ. छगनकडे तसला स्वेटर नाही.

याचं कारण आहे. दुपारी तापलेल्या जमिनीवर मृगजळ होतं आणि त्यात वस्तू उलट्या दिसतात. उलट्याचं दुर्बिणीत पुन्हा उलटं, म्हणजे सुलट. कॉलेजात शिकलेय. करंजवणचा कोणी माणूस लक्ष ठेवायला येऊन उभा राहिला असेल, छगनशेजारी. झाड उलटं का, याचं कारण मला अजून नीट मांडता आलेलं नाही.

आकडा स्पष्ट होता, म्हणून घेतला.

दुर्बिणीतून डोळा काढला तेव्हा छगन ओघळीतून वर येत होता, स्टाफ खांद्यावर. त्याने खालून हाक मारली, "थांबा की बाईसाहेब, मी अजून पोचलो बी न्हाई."

शुक्रवार, १५ डिसेंबर

फेरी जुळली.

चाळीस फूट नाही, एक फूट नाही, इंचही नाही. पहिल्या दगडावरून निघाले आणि बरोबर पहिल्या दगडावर पोचले. कुठल्याच फेरीत असं होत नाही. आमचे प्राध्यापक म्हणायचे की शून्य चूक दाखवणाऱ्या मुलाला पहिल्यांदा विचारावं, कोणाचं उतरवलंस.

मी आनंद मानायला हवा. बुडणारी जमीन सगळी सोनखडीत येते. संस्थेला हवं ते सगळं आहे. नकाशा गिरवायला घेतला. शाई ओढताना हात थांबत नव्हता, रेषा आपोआप मिळत होत्या, आणि मला त्याचाच राग येत होता. हे मी मोजलेलं वाटत नाही.

भिमाजी बाभळीखाली होते. पहिल्या दगडापाशी मी मूठभर माती टाकली, हिवराखालून उचललेली. त्यांनी ती चिमटीत धरून पाहिली. कोरडी होती. त्यांनी हात झटकले. उठून घरी गेले.

शनिवार, १६ डिसेंबर

छगन काडेपेटी आणायला तिसगावला गेला होता. येऊन हसत सांगत होता की स्टँडवर एक येडं भेटलं. वाळलेला माणूस, दाढी वाढलेली. लोकांना विचारत होता, साल कोणतं. सांगितलं तर रडायला लागला. मग नगरच्या गाडीत चढला आणि दांडीला दोन्ही हातांनी धरून बसला, जणू गाडीच उलटी होणार आहे.

विचारलं, अंगात काय होतं. म्हणाला, स्वेटर, "खांद्याला हिरवं ठिगळ. का वो?"

तो स्वेटर मी पाहिलेला आहे. आता आठवलं. शामकांत साहेबांच्या टेबलामागे ऑफिसचा ग्रुप फोटो आहे. फोटोत रंग नाहीत, पण खांद्यावरचं ठिगळ दिसतं. पुंजाराम कर्डिले. मी आणि छगन लागायच्या आधीचे सर्व्हेअर. आम्हाला सांगितलं होतं की त्यांना औरंगाबादला सरकारी नोकरी लागली.

रविवार, १७ डिसेंबर

साळूबाईंना विचारलं. थेट विचारलं. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत.

हो, कर्डिले साहेब इथेच राहायचे, याच पडवीत. तेव्हा रस्त्याचं मोजमाप होतं. त्यांनीही माती घेतली, त्यांनीही सांडली. सगळे साहेब सांडतात, साहेबांना मातीचं वझं होतं. भिमाजीच्या घराने काम सोडल्यापासून शिवेवर कोणी राहिलं नव्हतं. विहिरी आटल्या, गुरं मेली. मग गावाने ठरवलं, येईल त्या मोजणाऱ्याच्या पदरात घालायची. कोणी सांडायला सांगत नाही. कोणी ढकलत नाही.

मी म्हटलं, हा खून आहे. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाल्या, "मंग गावातलं लेकरू द्यायचं व्हय? तुमी तरी दिलं असतं?" आणि मग पापुद्रा सुटलेली मऊ भाकरी माझ्या ताटात घातली. म्हणाल्या, जेव बाई, अजून जेवता येतंय तवर.

हे सगळं अडाणीपणाचं आहे. कर्डिले कुठेतरी आजारी पडले असतील. डोक्यावर परिणाम झाला असेल. नकाशा पूर्ण होत आला आहे, तो घेऊन मी उद्या स्वतः नगरला जाते.

सोमवार, १८ डिसेंबर

गेले नाही. म्हणजे निघाले होते. तिसगावचा रस्ता सरळ आहे, चुकण्यासारखा नाही. देऊळ गेलं, मळा गेला, ओढ्यावरची फरशी गेली. पुढे वळणावर हिवराचं झाड, आणि खाली सातवा दगड.

सातवा दगड गावाच्या दुसऱ्या बाजूला आहे. मीच मोजलाय.

परत फिरून पुन्हा गेले. करंजवणच्या बाजूने गेले. बैलगाडीत बसून गेले. गाडीवान गाडी हाकत राहिला आणि मी दगडापाशी उभी होते. गाडी पुढे गेली. त्याने मागे वळून पाहिलंही नाही.

बुधवार, २० डिसेंबर

छगनला मी तीन हाका मारल्या. तो विडी ओढत होता. चौथ्या हाकेला मान वर करून इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, बाईसाहेब कुठं गेल्या म्हनायच्या.

मी त्याच्या समोर उभी होते. हाताच्या अंतरावर.

शामकांत साहेबांना पत्र लिहिलं. पोस्टमनच्या हातात दिलं. त्याच्या हातातून ते खाली पडलं आणि तो त्यावरून चालत गेला.

गुरुवार, २१ डिसेंबर

भिमाजींकडे गेले. फक्त तेच अजून ऐकतात. तेही कान इकडे करून, डोळे बारीक करून. मला नीट दिसत नाही, बाई, तुमी अर्ध्याच दिसता, म्हणाले.

मी विनवलं. मी कोणाला विनवत नाही. म्हटलं, तुम्ही एकदा चाला. तुम्हाला येतं ते काम. मला बाहेर पडू द्या.

ते म्हणाले की त्यांच्या आज्याने उभं राहून काढलं. बापाने काढलं. बाप उभा होता तेव्हा आई दर अमावास्येला त्या दगडाला जेवू घालायची, कारण नवरा आहे कुठे हे तिला तेवढंच माहीत होतं. "आता न्हाई, बाई. तुमच्यासाठी बी न्हाई. कुनासाठीच न्हाई."

त्यांचं बरोबर आहे.

तुमाला सांगितलं हुतं, एवढं मात्र ते म्हणाले. तेही बरोबर आहे.

शनिवार, २३ डिसेंबर

यंत्राला डोळा लावला. सवयीने. गाव, देऊळ, साळूबाईंचं छप्पर, माणसं.

सगळं सुलट.

यंत्र बिघडलं असं वाटलं. डोळा काढला. आणि —

जमीन वर आहे. माणसं वरून लोंबतायत. आभाळ माझ्या पायाखाली, खोल. डोळे मिटून दगड धरून बसले. दगड तेवढा जागेवर आहे.

रविवार

छगन यंत्र, तिपाई, माझी पेटी गोळा करून घेऊन गेला. डोकं खाली, पाय वर, सुरेख चालत. नकाशाची गुंडाळी त्याच्या काखेत.

नकाशा पूर्ण आहे. माझी सही राहिली.

माझ्या हातात स्टाफ आहे. तो कुठून आला माहीत नाही. छगनचा नाही. लाकडावर चाकूने कोरलंय, पुं. क. त्याच्या वर आणखी अक्षरं आहेत, झिजलेली, मोडी.

बुधवार, २७ किंवा —

भूक लागत नाही. साळूबाई दगडावर भाकरी ठेवून गेल्या. मिलोची. हात जोडले. माझ्याकडे नाही, दगडाकडे.

सरपंच आणि नगरहून परत आलेला छगन ओघळीजवळ उभे राहून पत्र वाचत होते. ऑफिसचं. मोठ्याने. की सुनीती पाठक यांनी काम अर्धवट टाकून कोणालाही न कळवता निघून जाणे हे अत्यंत —

मी काम अर्धवट टाकलेलं नाही.

की नकाशावर सही नसल्याने संस्थेने तो फोनवरच नाकारला आहे. मुदत वाढवून मिळाली आहे. फेरमोजणीसाठी कुमारी अंबिका कुलकर्णी यांना एक तारखेस —

अंबिका. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. एकोणीस वर्षांची. पेन्सिलीला टोक करताना जीभ बाहेर काढते. मीच तिला म्हटलं होतं, फील्ड माग, गिरवत बसू नकोस.

तिने मागितलं.

रात्र

कर्डिले आधी स्टाफ हलवत होते. मी ओरडले, हलवू नकोस. ते मला सांगत होते. जा, म्हणून. परत जा. मातीची पुरचुंडी तेव्हा अजून पेटीतच होती.

आणि दुसऱ्या फेरीला हलवला नाही. मी माती सांडली होती. मग कशाला हलवतील. फक्त फेरी पूर्ण व्हायची होती. त्यांनी श्वास धरून उभं राहून मला आकडा दिला.

मला त्यांचा राग येत नाही. येतो. मला —

सोमवार

आली. टेम्पोतून उतरली. डोक्याखाली आभाळ, पेटी पोटाशी धरलेली. हसत होती.

साळूबाई चार बायका घेऊन निघाल्या. पहिल्या दगडाकडे. झुंबरबाईंनी काहीतरी विनोद केला. अंबिकाने पदर पुढे केला.

मंगळवार, २ जानेवारी

अंबिका,

हे पान सातव्या दगडाखाली सरकवून ठेवते आहे. दगड उचलला तेव्हा खाली कागदाचा लगदा होता, वाळवीने खाल्लेला. म्हणजे त्यांनीही लिहिलं होतं. तू यंत्र इथे आणशील तेव्हा पायाशी उकरलेली माती तुला दिसेल. तुझी नजर चांगली आहे.

तुझ्या पेटीत पुरचुंडी आहे. ती यंत्राजवळून काढ. चकती खराब होईल म्हणून तू ती इथे झटकशील. झटकू नकोस. यंत्र खराब होऊ दे. पुरचुंडी हातात धर, आणि मोजणी सोडून पहिल्या दगडापाशी जा, तिथे टाक, आणि टेम्पोने परत जा. जुन्याच नकाशावर सही मी करते, असं त्यांना सांग. काहीही सांग.

सहाव्या दगडावरून बघितलंस तेव्हा स्टाफ हलताना दिसला असेल. आकडे सुलट दिसले असतील. छगनला रागावू नकोस. तो तेव्हा अजून ओघळीत होता.

मी तुला खोटं सांगणार नाही. तू माती इथे सांडलीस आणि फेरी पूर्ण केलीस, तर मी तिसगावच्या स्टँडवर असेन. मी रोज त्याचा विचार करते. दांडी दोन्ही हातांनी धरून नगरपर्यंत. केडगावला आईकडे. आज सकाळी तू पहिल्या दगडावर यंत्र लावताना जीभ बाहेर काढलीस, तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. दुपारी केला.

मोजत राहिलीस तर गावाभोवती फेरी पुरी करायला शुक्रवार उजाडेल. माती पहिल्या दगडापाशी परत टाकलीस की नाही, एवढंच मला कळव. चिठ्ठी नको. दुर्बीण इकडे वळव आणि रुमाल दाखव. शुक्रवार, ता. ५ जानेवारीपर्यंत उत्तर दे. तोपर्यंत मी स्टाफ हलवत राहीन. हात भरून आले तरी हलवत राहीन. त्यानंतर मी —